मेरे, आमची, आपण : उपनगरातल्या रॅपची सर्वनामं



आज आपण दोन गाण्यांबद्दल बोलणार आहोत. पहिलं ‘मेरे गल्ली में’, २०१५ सालचं, डिव्हाइन आणि नेझी या जोडीचं. दुसरं ‘द वारली रिव्होल्ट’, २०१९ सालचं, स्वदेसी या गटाचं. पहिलं अंधेरी-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून आलं, दुसरं आरेच्या पाड्यांमुळे जन्माला आलं. दोन्ही रॅप आहेत. ठेक्यावर, यमकं साधत, वेगाने बोलणं म्हणजे रॅप, एवढी व्याख्या आजच्यापुरती पुरे.

आमचा विषय तत्त्वज्ञान. तेव्हा या गाण्यांकडे आम्ही ज्या वाटेने गेलो ती वाट संगीतशास्त्राची नाही, सर्वनामांची आहे. गाणं ‘मी’ म्हणतं तेव्हा तो मी कोण? ‘आम्ही’ म्हणतं तेव्हा ऐकणारा त्या आम्हीत आहे की बाहेर? हे व्याकरणातलं खुसपट वाटेल. पण या शहरात जागा कुणाची, रस्ता कुणाचा, झाड कुणाचं, हे सगळे वाद शेवटी या सर्वनामांवर येऊन थांबतात. म्हणून जरा सबुरीने घ्या.

मराठीत एक सोय आहे, ती हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. आपल्याकडे अनेकवचनी प्रथमपुरुष दोन आहेत. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं की समोरच्याने समजायचं, आपल्याला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याने चपला घालायच्या. गुजरातीत ही सोय आहे, तमिळ-तेलुगूत आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये दोन्ही एकत्र झालेत, समोरचा आत की बाहेर हे संदर्भावरून ओळखायचं.

आता हा ‘आपण’ शब्द आला कुठून? संस्कृत ‘आत्मन्’, त्याचं प्राकृतात ‘अप्पण’, त्याचं मराठीत ‘आपण’. म्हणजे ज्या शब्दासाठी उपनिषदांनी एवढा खल केला, तो आपण रोज ‘चला, आपण चहा घेऊ’ यात वापरतो. आणि त्याचे अर्थ तरी किती! आपण म्हणजे मी आणि तू मिळून. आपण म्हणजे आदराने तुम्ही. ‘आपण आपलं काम करावं’ यात आपण म्हणजे ज्याचा तो. स्व, पर आणि दोघांची बेरीज, तिन्ही एका शब्दात.

मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीने याच कुळातला शब्द घेतला आणि भलतीच गंमत केली. तिने ‘अपुन’ केलं आणि त्याचा अर्थ केला ‘मी’. ‘अपुन बोला’ म्हणजे मी बोललो. सिनेमातल्या टपोरीमुळे आपल्याला हा शब्द हसण्यावारी न्यायची सवय लागली आहे. पण जरा थांबून बघा. जो शब्द मुळात समोरच्याला आत घेणारा, तो इथे स्वतःसाठी वापरला जातो. एकटा माणूस बोलतो आणि बोलताना चार जण मागे उभे असल्यासारखं बोलतो. ज्याला एकट्याने ‘मी’ म्हणण्याइतकी पत या शहराने दिलेली नाही, तो ‘अपुन’ म्हणतो. आमचं आजचं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे.

आता पहिल्या गाण्याकडे येऊ. डिव्हाइन म्हणजे विवियन फर्नांडिस, अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. नेझी म्हणजे नावेद शेख, कुर्ला पश्चिमेचा. एकत्र येण्याआधी दोघांची नावं झालेली होती. डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३चं. नेझीचं ‘आफत’ २०१४चं, त्याचं चित्रीकरण आयपॅडवर झालं होतं. दोघांना आपापल्या पिनकोडचा अभिमान. जे. बी. नगरचा ४०००५९, म्हणून डिव्हाइन ‘५९’ मिरवतो. कुर्ल्याचा ४०००७०, म्हणून नेझीवर दिशा रिंदानी यांनी केलेल्या माहितीपटाचं नाव ‘बॉम्बे ७०’. ज्या भागांची शहरात फार नावाजणी नाही, तिथल्या मुलांनी टपाल खात्याने दिलेला आकडाच नाममुद्रा म्हणून वापरला. संतकवींची नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येते, हे बोलले कोण याची ती ग्वाही असते. इथे ग्वाही माणसाबरोबर पत्त्याचीही आहे.

२०१५ साली या दोघांनी ‘मेरे गल्ली में’ केलं. संगीत ‘सेझ ऑन द बीट’ या दिल्लीच्या संगीतकाराचं. नुसत्या शीर्षकाकडे बघा. शाळेत हिंदी शिकवणारे म्हणतील, चूक आहे, ‘मेरी गली में’ हवं, गली स्त्रीलिंगी. बरोबर आहे. पण मराठीत काय म्हणतो आपण? गल्ली माझी, पण ‘माझ्या गल्लीत’. घर माझं, पण ‘माझ्या घरात’. गाव माझं, पण ‘माझ्या गावात’. विभक्ती लागली की ‘माझ्या’मध्ये लिंगभेद उरत नाही. मुंबईच्या हिंदीतलं ‘मेरे’ तसंच वागतं. मुंबईच्या हिंदीवर अनेक भाषांचे संस्कार आहेत, सगळं श्रेय मराठीने घेऊ नये. पण मराठी कानाला त्या शीर्षकात चूक जाणवत नाही, घरचं वळण जाणवतं. आणि ही हिंदी कुणाची नक्कल करत नाही. ज्या गल्लीबद्दल बोलायचं त्या गल्लीच्याच व्याकरणात ती बोलते.

आता मुख्य मुद्दा. शीर्षकात ‘मेरे’ आहे, एकवचन. गाणारे मात्र दोन, आणि दोघांच्या गल्ल्या वेगळ्या. मग ही ‘मेरे’वाली गल्ली नक्की कुणाची? ‘मी’ या शब्दाचा एक विशेष असा, की त्याला स्वतःचा अर्थ नाही. जो बोलतो तो त्याचा अर्थ. रामाने म्हटलं की राम, रहीमने म्हटलं की रहीम. एकट्या माणसाने ‘माझ्या गल्लीत’ म्हटलं की ती बढाई होते. तेच शब्द दुसऱ्या गल्लीतला दुसरा माणूस उचलतो, तेव्हा तो शब्द एका जागेला बांधलेला राहत नाही. जे. बी. नगर झालं, कुर्ला झालं, आता तिसरा कुणी मालवणीचा, चौथा मुलुंडचा. जागा रिकामी आहे, या आणि म्हणा. दोघांनी मिळून म्हटलेलं ‘मेरे’ हे मनातल्या मनात ‘अपुन’ झालेलं असतं.

हे साधतं ते दोन आवाजांच्या वेगळेपणामुळे. डिव्हाइनचा आवाज जड, घोगरा, शब्द ठेक्यावर दाबून ठेवणारा. नेझीचा हलका आणि चपळ, शब्दाशब्दांतून निसटत जाणारा. एक रस्ता अडवून उभा आहे आणि दुसरा गर्दीतून वाट काढत पळतो आहे असं वाटतं. दोघे एकसारखे असते तर नुसती दुप्पट बढाई झाली असती. आवाज वेगळे आणि ध्रुवपद एक, म्हणून ते दोघांचं होतं आणि ऐकणाऱ्याचंही होऊ शकतं. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, ते शाहिराचं म्हणणं उचलून धरतात. इथे झीलकरी नाही, दोघेही शाहीर आहेत आणि आळीपाळीने एकमेकांचे झीलकरी होतात.

एकवचनी सर्वनामात अनेकवचन भरण्याची ही युक्ती उपनगराला नवी नाही. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘माझी मैना’ आठवा. पोटासाठी मुंबईत आलेला माणूस, गावी राहिलेली त्याची बायको. सर्वनाम ‘माझी’. विरह एका माणसाचा. पण छक्कड पुढे सरकते तशी ती मैना बेळगाव-कारवारसह बाहेर राहिलेला मराठी मुलूख होते, आणि ‘माझी’ कधी सगळ्यांची झाली हे कळतही नाही. एकट्याचं दुःख खरं होतं म्हणून समूहाचं दुःख खरं वाटलं. अण्णाभाऊंची ताकद आणि या पोरांची उमेद यांना एका तागडीत तोलायचा आमचा विचार नाही. पण चिरागनगर ते जे. बी. नगर हे अंतर फार नाही. आज घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने पाऊण तासाच्या आतलं आहे.

त्याच लढ्याच्या काळातलं दुसरं सर्वनामही आठवायला हवं : ‘आमची मुंबई’. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाण्याची भीती असताना ती घोषणा हक्काची होती. गिरणी कामगारांनी, गोदी कामगारांनी घाम गाळून कमावलेला ‘आमची’ होता तो. पण ‘आम्ही’ला बाहेर कुणीतरी लागतं. १ मे १९६० नंतर ती भीती संपली, घोषणा मात्र राहिली, आणि बाहेरचा कोण हे पुढे प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने ठरवलं. फर्नांडिस आणि शेख यांची पोरं ‘मेरे’ म्हणतात, तेव्हा ती या ‘आमची’च्या दारात ताटकळत बसत नाहीत. आत घ्या अशी विनंतीही करत नाहीत. ती आपला पिनकोड सांगतात आणि बोलू लागतात. या गाण्याचं ऐतिहासिक मोल आम्हाला इथे दिसतं.

स्तुती झाली. आता उणं काय आहे तेही बोललं पाहिजे, नाहीतर ही समीक्षा कसली?

रा. भा. पाटणकरांनी १९७४च्या ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचं मांडलं. एका टोकाला लौकिकतावाद, कला जगण्यातून येते आणि जगण्याच्या कसोट्या तिला लागतात. दुसऱ्या टोकाला अलौकिकतावाद, कला आपल्याच नियमांनी उभी राहते. रॅपबद्दल बोलताना लोक हटकून एकाच टोकाला जातात. ‘गरीब घरची मुलं, किती खरं बोलतात’ असं म्हणणारा ठेका ऐकतच नाही. ‘काय बीट आहे’ म्हणणारा शब्द ऐकत नाही. दोन्ही ध्रुव धरून पाहिलं तर ‘मेरे गल्ली में’ ठेक्यात, आवाजाच्या जुळणीत पुरं उतरतं, आणि जगण्याच्या कसोटीवर थोडं कमी पडतं. गल्ली इथे जेवढी अभिमानाचा विषय होते, तेवढी प्रश्नाचा विषय होत नाही. आणि ही गल्ली पुरुषांची आहे. दोन्ही आवाज पुरुषांचे. त्याच गल्लीत नळावर बाया असतात, क्लासला जाणाऱ्या मुली असतात, त्यांना ‘मेरे’ म्हणायला या गाण्यात जागा आहे का? व्याकरणाने ‘मेरे’तून लिंगभेद काढून टाकला, गाण्याने मात्र तो ठेवला. जी जागा रिकामी आहे असं आम्ही मघाशी म्हणालो, तिच्या दारावर एक न लिहिलेली पाटी आहे.

पुढे २०१९ साली झोया अख्तर यांचा ‘गल्ली बॉय’ आला. या दोघांच्या आयुष्यावरून सैलपणे बेतलेला. ‘मेरे गल्ली में’ त्यासाठी पुन्हा नव्याने झालं, त्यात रणवीर सिंहचा आवाज आला. चित्रपटाने या मुलांना देशभर नेलं हे मान्यच. पण दोन गोष्टी बदलल्या. एक, कथा धारावीत गेली. जे. बी. नगर आणि कुर्ला जगाला माहीत नाहीत, धारावी माहीत आहे. पिनकोडची जी नाममुद्रा होती तीच पुसली. दुसरी बाब जास्त महत्त्वाची. जोडीच्या गाण्याची गोष्ट एका नायकाची झाली. एक मुलगा वर चढतो आणि बाकीचे खालून टाळ्या वाजवतात. चित्रपटाचं गाजलेलं शीर्षकगीतासारखं गाणं ‘अपना टाइम आएगा’. त्यातला ‘अपना’ आपल्या ‘आपण’चाच भाऊबंद. पण तो कुणाचा? माझा की आपला? शब्द दोन्ही अर्थ देतो. गल्लीत तो दोन्ही अर्थांनी म्हटला जातो. चित्रपटाच्या शेवटी मात्र वेळ येते ती एकाचीच. ‘अपुन’ पुन्हा साधा ‘मी’ होतो.

याच चित्रपटाच्या गीतसंग्रहात ‘इंडिया ९१’ नावाचं गाणं आहे, विवेक राजगोपालन यांचं. त्यात बरेच आवाज आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो. त्यात स्वदेसी गटाची मुलंही होती. त्यांतला एक एमसी टोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. या गटात मराठी, हिंदी, गुजराती शेजारी शेजारी चालतात आणि कुणी कुणाचं भाषांतर करत नाही. मराठी माणसाला गुजराती कडवं अर्धं कळतं, गुजराती माणसाला मराठी अर्धं. उपनगरातल्या लोकलच्या डब्यात तरी याहून वेगळं काय असतं?

या स्वदेसीचं ‘द वारली रिव्होल्ट’ हे आपलं दुसरं गाणं. नाव जुन्या उठावाचं आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यात पुढे होत्या, आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी तो लिहून ठेवला. २०१९च्या गाण्याचा विषय मात्र आरे. १९४९ साली तिथे दूध वसाहत झाली, तिच्या आधीपासून आदिवासी तिथे आहेत. आज पाडे सत्तावीस असल्याचं सांगितलं जातं. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी तिथली झाडं काढायची असं ठरलं, आणि गाणं त्या वादात उभं राहिलं.

इथे सर्वनामाचा प्रश्न फार अवघड होतो. स्वदेसीची मुलं शहरातली. त्यांनी पाड्यांच्या वतीने ‘आम्ही’ म्हटलं असतं तर तो उसना ‘आम्ही’ झाला असता. ‘आपण सगळे निसर्गाची लेकरं’ असं म्हटलं असतं तर ते त्याहून वाईट. कारण झाड तोडणारा, तोडायला परवानगी देणारा, ते तोडल्यावर आरामात प्रवास करणारा आणि ज्याच्या दारातलं झाड गेलं तो, या सगळ्यांना एका ‘आपण’मध्ये बसवणं म्हणजे हिशेब बुडवणं. त्यांनी तिसरी वाट घेतली. आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांनाच गाण्यात घेतलं. त्यांचा आवाज त्यांचाच राहिला. मुलांचं रॅप त्याच्या शेजारी उभं राहतं, त्याच्या जागी नाही. गाणं पाड्याच्या बाजूने उभं राहून शहराशी बोलतं. म्हणजे ऐकणारे आपण, इथे जमलेले, ‘तुम्ही’ आहोत.

‘मेरे गल्ली में’ ऐकताना ऐकणाऱ्याला आत शिरता येतं, आणि ते गाणं त्यामुळे मोठं होतं. ‘वारली रिव्होल्ट’ ऐकताना आत शिरता येत नाही, आणि ते गाणं त्यामुळेच मोठं होतं. आयुष्यभर वर्गात शिकवताना आम्हाला सर्वसमावेशक शब्दाचं कौतुक करायची सवय होती. आपण म्हणा, सगळ्यांना घ्या, भेद कमी करा. या गाण्याने एक वेगळी गोष्ट दाखवली : ज्याचं काही काढून घेतलं जातंय, त्याचा ‘आम्ही’ तसाच, दार बंद ठेवून ऐकावा लागतो. त्याला लगेच ‘आपण’ म्हणून मिठी मारणं ही दांडगाई आहे. ‘आपण’ हा शब्द बलवानाने आधी उच्चारायचा नसतो. त्याने वाट बघायची असते.

आणि तेव्हा झालं काय? ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. गाणं त्या वर्षी आधीच आलेलं होतं, त्याने एकही झाड वाचवलं नाही. म्हणून ते फसलं, असं कुणी म्हणेल. गाण्याला हे माप लावलं तर अण्णाभाऊंची मैनाही फसली, बेळगाव अजून तिकडेच आहे. गाण्याचं काम वेगळं. कोण कुणाशी बोलतंय, कुणाच्या वतीने, हे ते चोख ठेवतं. सरकारी अहवाल ‘जनहित’ म्हणतो तेव्हा त्यातला जन कोण हे दिसत नाही. या गाण्यात ते दिसतं.

मेट्रो तीनचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला. तुमच्यातले काहीजण त्याच मेट्रोने इथे आले असतील, आम्हीही तिने जातो. तिने लोकलची गर्दी थोडी हलकी केली, हे खोटं नाही. ती वापरू नका असं सांगायला आम्ही इथे आलेलो नाही. पण आरे स्थानकात उतरल्यावर ‘आपलं आरे’ असे शब्द तोंडात आले, तर क्षणभर तपासून बघा. तिथे आपलं सर्वनाम अजून ‘तुम्ही’ आहे. ते बदलायचं की नाही, ते पाड्यांनी ठरवायचं.

बाकी नव्या मुलांची गाणी ऐका. नातवंडांच्या फोनवरून ऐका, शब्द नाही कळले तर त्यांना विचारा. आणि एवढंच पाहा, की गाणारा तुम्हाला आत बोलावतो आहे की समोर उभं करतो आहे. दोन्हीत काही वाईट नाही. वाईट आहे ते एकच : बोलावल्यावर बाहेर राहणं, आणि न बोलावता आत घुसणं.